‘वीर’ या शब्दाची किंमत

मनुष्यबळाच्या निर्यातीला फिलिपिन्सने १९७४ च्या श्रमसंहितेत धोरणाचे रूप दिले. आणि १९८८ साली राष्ट्राध्यक्षा कोराझोन अकिनो यांनी परदेशी राबणाऱ्या देशबांधवांना ‘बागोंग बायानी’, म्हणजे ‘नवे वीर’, ही पदवी बहाल केली. शब्दार्थावरच ज्यांची उपजीविका, त्या आम्हां प्राध्यापकांना या पदवीचा संशय येतो. वीराने त्याग करायचा असतो, वेतन मागायचे नसते, हे त्या शब्दात गृहीतच आहे.

मायदेशाचा परवाना मिळवलेल्या परिचारिकेला अमेरिकेसाठी ‘एनक्लेक्स’ द्यावी लागते, ब्रिटनसाठी संगणकीय चाचणी आणि प्रात्यक्षिक परीक्षा. रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी परीक्षा हवीच, असे कोणी म्हणेल. मान्य. पण जपानच्या राष्ट्रीय परीक्षेस २०१० साली परदेशी करारांखाली आलेले २५४ फिलिपिनो व इंडोनेशियन उमेदवार बसले आणि उत्तीर्ण झाले अवघे तीन! नाडी ओळखणारे हात जपानी चित्रलिपीतील क्लिष्ट वैद्यकीय संज्ञांपाशी अडले. ही परीक्षा शुश्रूषेची म्हणायची की लिपीची?

२०२० मध्ये महासाथ आली, तेव्हा मनिलाच्या सरकारने याच वीरांना नव्याने देशाबाहेर पडण्यास मनाई केली. पुढे वर्षाला ५००० ची मर्यादा घातली. घरी वेतन तुटपुंजे, बाहेरचे दार अर्धे मिटलेले. जिला धड जाऊ द्यायचे नाही आणि राहण्याजोगे वेतनही द्यायचे नाही, तिला वीर म्हणणे हा अलंकार नव्हे. ती लबाडी आहे. निदान अलंकार शिकवणाऱ्यांनी तरी गौरवाला मोबदला समजू नये.