प्लॉट घेणाऱ्यांची शाळा कोण चालवतंय?

गेल्या रविवारी आपल्या गावातल्या एका मंगल कार्यालयात 'जमीन गुंतवणूक मार्गदर्शन शिबिर' झालं. प्रवेश मोफत, वर चहा-पोहे. बातमीसाठी गेलो होतो. दोन तास पडद्यावर 'पाच वर्षांत तिप्पट' चाललं होतं. सातबारा हा शब्द एकदाही ऐकू आला नाही. शेवटी बुकिंगचे फॉर्म वाटले, तेव्हा कळलं शाळा कसली होती ते.

नव्वदच्या दशकात वडिलांनी प्लॉट घेतला, तेव्हा दोन महिने तलाठ्याकडे चकरा मारल्या. जुने फेरफार वकिलांना दाखवले, पेपरात जाहीर नोटीस दिली, बांधाला लागून असलेल्या शेतकऱ्याला विचारलं, "भावाभावांत काही वाद नाही ना?" तो काळ चांगला होता असं नाही. ओळख नसेल त्याला उतारासुद्धा वेळेवर मिळत नसे. पण माणूस चकरा मारता मारता शिकायचा.

आज सातबारा मोबाईलवर दिसतो. १ मे २०१७ पासून महारेराचं काम सुरू आहे, प्रकल्पाची माहिती घरबसल्या बघता येते. २०२३ पासून एजंटांनाही प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची झाली. घेणाऱ्याला मात्र कुणीच शिकवत नाही. जो शिकवतो, तो विकणाराच असतो.

मला शाळेत शिकवलेल्या एका बाईंनी निवृत्तीच्या पैशातून असाच एक गुंठा घेतला. हातात काय, तर नोटरीचा कागद. नोटरीने जमीन नावावर होत नाही, त्याला नोंदणीकृत खरेदीखत लागतं. सातबाऱ्यावर अजून मूळ मालकाचं नाव आणि इतर हक्कात बँकेचा बोजा. मोबाईलवर पाच मिनिटांत दिसलं. बाई म्हणाल्या, "अरे, आयुष्यभर पोरांना वाचायला शिकवलं, आणि हे कुठे वाचायचं तेच मला माहीत नव्हतं."

यात आम्ही पेपरवालेही धुतल्या तांदळासारखे नाही. दसरा-पाडव्याला याच प्लॉटिंगच्या पानभर जाहिराती आम्ही छापतो. मीही मिळवून दिल्यात.

म्हणून मंडळी, पैसे देण्याआधी एवढं तरी बघा. सातबाऱ्यावर नाव कुणाचं आणि इतर हक्कात काय लिहिलंय? बिनशेतीचा आदेश आणि मंजूर रेखांकन आहे का? महारेरा क्रमांक आहे का, आणि तो साइटवर टाकल्यावर हाच प्रकल्प निघतो का? महारेरात येणाऱ्या प्रकल्पात नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, हेही लक्षात ठेवा. "आजच बुक करा, उद्या भाव वाढणार" म्हणाला, तर उठून घरी या.

नगरपालिकेला एक मागणी: वाचनालयाच्या हॉलमध्ये महिन्यातून एक तास तलाठी आणि एखाद्या वकिलांना बसवा. खर्च शून्य. तोवर दर रविवारी सकाळी दहा ते अकरा मी वाचनालयात बसतो. गट नंबर घेऊन या, उतारा सोबत वाचू. पोहे मात्र मिळणार नाहीत.