बोट धरून बाजाराला

सहल म्हटली की डबे, गाडी आणि पैसे आठवतात. म्हणून आमच्यासारख्या घरांत दोन-तीन वर्षांच्या पोराला कोणी सहलीला नेत नाही. वर ‘त्याला काय कळतंय?’ हा प्रश्न आहेच! मला वाटते, बघण्याची खरी भूक त्यालाच असते. बहिणीच्या अडीच वर्षांच्या मुलाला मी आठवडे-बाजारात नेते. तराजूचे पारडे खाली गेले की तो ‘जड!’ म्हणून ओरडतो. हा शब्द त्याला कोणत्या पुस्तकाने शिकवला? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा परिसरातल्या वस्तूंचीच साधने केली.

शिकलेल्या घरातले मूल शाळेत येते, ते शब्दांची शिदोरी घेऊन. कॉलेजात आलेली आमच्या घरातली मी पहिलीच. घरात पुस्तके नव्हती. पण बाजार, नदी, कुंभाराचे चाक यांना कुठे फी पडते? पाच वर्षांखालच्या मुलाला एसटीत तिकीटही लागत नाही. लागतो तो फक्त मोठ्यांचा वेळ. पोर मुंग्यांच्या रांगेपाशी बसले, तर दंड धरून ओढू नये. आपणही शेजारी बसावे. गरिबाच्या मुलाची बालवाडी तिथेच भरते.