पाण्याकाठच्या मुक्कामाआधी तीन प्रश्न

डिसेंबरच्या सुट्ट्या जवळ आल्या की रायपूरच्या मराठी घरांतून एक ओळखीची चर्चा सुरू होते. यंदा कोकणात जायचे की जवळपासच कुठे? नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीपासून मराठी कुटुंबे या प्रदेशात स्थिरावली आहेत, तरी समुद्र म्हटला की मनात अजून गणपतीपुळे आणि तारकर्लीच उभे राहतात. वास्तविक रायपूरहून कोकणचा किनारा हजार किलोमीटरहून अधिक दूर आहे. पुरीचा समुद्र त्याच्या जवळजवळ निम्म्या अंतरावर आहे आणि तिथे जाण्याची वाट आपल्याच नदीने आखून दिली आहे.

महानदी धमतरी जिल्ह्यात सिहावापाशी उगम पावते. थोडे अंतर गेल्यावर ती गंगरेलच्या धरणात अडते, पुढे ओडिशात हिराकुडच्या जलाशयात शिरते आणि शेवटी तिचे फाटे काही चिल्का सरोवराला, काही बंगालच्या उपसागराला मिळतात. या तिन्ही ठिकाणी पाण्याच्या काठावर राहण्याची सोय आहे. गंगरेलला छत्तीसगड पर्यटन मंडळाची कॉटेजेस आहेत, हिराकुडच्या काठी देब्रीगड अभयारण्यात वनविभागाचा निसर्ग-तळ आहे, चिल्काकाठी बारकुल व रंभा येथे ओडिशा पर्यटन महामंडळाची पांथनिवासे आहेत. गंगरेलला शनिवार-रविवार आणि उरलेल्या प्रवासाला एक आठवडा दिला, तर धरण, सरोवर आणि समुद्र असे पाण्याचे तिन्ही प्रकार मुलांना एकाच नदीच्या संगतीने दाखविता येतात.

मात्र असा बेत आखताना आपण खोलीचे भाडे, जेवणाची सोय आणि खिडकीतून पाणी दिसते की नाही, एवढेच पाहतो. माझ्या मते आणखी तीन प्रश्न विचारले पाहिजेत. ही जागा कोणाची, आणि येथे बांधण्याची परवानगी कोणी दिली? येथील सांडपाणी कुठे जाते? आणि आपण मोजलेल्या पैशातून काठावरच्या गावाला काय मिळते? हे प्रश्न प्रशासनाचे आहेत, प्रवाशाचे नव्हेत, असे कोणी म्हणेल. पण पाण्याचा काठ ही बहुतेक ठिकाणी सार्वजनिक जागा असते आणि तिथे मुक्काम करणारा माणूस त्या सार्वजनिक मालमत्तेचा वापरकर्ता असतो. त्याने विचारायचे नाही, तर कोणी विचारायचे?

गंगरेलचेच उदाहरण घेऊ. १९७८ मध्ये बांधून झालेल्या या धरणात सुमारे ३२ टीएमसी पाणी मावते. भिलाईचा पोलाद कारखाना त्यावर चालतो, शेती भिजते आणि कालव्याने खारून नदीच्या बंधाऱ्यापर्यंत आलेले हेच पाणी शुद्ध होऊन रायपूरच्या नळांना येते. म्हणजे सहलीला जाऊन आपण ज्या पाण्यात हात धुतो, तेच पाणी घरी परतल्यावर पितो. असे असूनही अशा जलाशयांचा काठ कायद्याच्या नजरेतून काहीसा निसटला आहे. २०१७ च्या पाणथळ जागांविषयीच्या केंद्रीय नियमांत पाणथळीची जी व्याख्या आहे, तिच्यातून पिण्याच्या पाण्यासाठी व सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय वगळले आहेत. जलप्रदूषणाचा १९७४ चा कायदा लागू आहेच, पण तो पाण्यात काय सोडावे एवढेच पाहतो. काठापासून किती अंतरावर काय बांधावे, हे तो सांगत नाही.

समुद्राची स्थिती निराळी आहे. १९८१ मध्ये इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरचा पट्टा मोकळा राखण्यास सांगितले. त्यातूनच १९९१ ची किनारा नियमन अधिसूचना आली. २०११ आणि २०१९ मध्ये ती नव्याने काढली गेली आणि बऱ्याच अंशी सैल झाली. दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यासाठी २०० मीटरचा मोकळा पट्टा ५० मीटरवर आणण्याची मुभा मिळाली. या सैलीकरणाशी माझा मतभेद आहे. तरीही तिथे निदान एक रेषा आहे, ती नकाशावर काढलेली आहे आणि तिच्या उल्लंघनाबद्दल सामान्य माणूस दाद मागू शकतो. धरणाच्या काठाला तशी रेषा नाही.

रेषा नसली की काय होते, हे मे २०२३ मध्ये कांकेर जिल्ह्यात दिसले. परलकोट जलाशयावर सुट्टी घालवायला गेलेल्या एका सरकारी अधिकाऱ्याचा मोबाइल पाण्यात पडला, आणि तो काढण्यासाठी पंप लावून ऐन उन्हाळ्यात लाखो लिटर पाणी उपसून टाकण्यात आले. अधिकारी निलंबित झाला, देशभर हसे झाले. पण त्या प्रकारामागची समजूत हसण्यावारी नेण्यासारखी नाही. काठावर बसलेल्या माणसाला ते पाणी आपले खाजगी वाटू लागते, आणि हा रोग केवळ अधिकाऱ्यांनाच होतो असे नाही.

याच धमतरी जिल्ह्यात १९२० साली कंडेलच्या शेतकऱ्यांवर कालव्याचे पाणी चोरल्याचा आरोप ठेवून दंड बसविण्यात आला आणि त्यांनी सत्याग्रह केला. पाणी कोणाचे, हा प्रश्न येथे शंभर वर्षांचा जुना आहे. गंगरेलमध्ये पुढे अनेक गावे बुडाली. अंगारमोती देवीचे ठाणेही पाण्याखाली गेले, तेव्हा लोकांनी देवीला धरणाच्या काठी आणून बसविले. ज्यांची शेते तळाशी आहेत, त्यांची नातवंडे आज काठावर नाव वल्हवतात किंवा चहा विकतात. म्हणून तिसरा प्रश्न, गावाला काय मिळते, हा दयेचा नसून हिशेबाचा आहे. ओडिशाच्या वनविभागाने आपल्या निसर्ग-तळांवर स्वयंपाक, देखरेख व वाटाड्याचे काम स्थानिक गावकऱ्यांकडे सोपविण्याची पद्धत घातली आहे. तिचे अनुकरण करण्यास छत्तीसगडला कोणतीच अडचण नसावी.

प्रशासनाने मनावर घेतले तर काय होऊ शकते, याचे उत्तर चिल्का देते. १९८१ मध्ये रामसर यादीत गेलेले हे सरोवर नंतर गाळाने भरत गेले, समुद्राशी जोडणारे मुख बुजत आले, खारेपणा घटला, पाणवनस्पती माजल्या, मासळी कमी झाली. १९९३ मध्ये ते धोक्यातील पाणथळींच्या माँट्रो यादीत टाकले गेले. १९९१ मध्ये स्थापन झालेल्या चिल्का विकास प्राधिकरणाने अनेक खात्यांना एकत्र आणून काम केले, सप्टेंबर २००० मध्ये समुद्राकडे नवे मुख उघडले, आणि २००२ मध्ये चिल्का त्या यादीतून बाहेर आले. मासळी परतली, मग पर्यटकही वाढले. कडक नियमांनी पर्यटन बुडते असे म्हणणाऱ्यांनी हा क्रम लक्षात घ्यावा. आधी सरोवर सुधारले, मग काठावरच्या खोल्यांना किंमत आली.

धरण मानवनिर्मित आहे म्हणून त्याला हा मान मिळू शकत नाही, असेही नाही. हिराकुड जलाशय २०२१ पासून रामसर यादीत आहे. एकाच नदीवरच्या खालच्या धरणाला आंतरराष्ट्रीय मान्यता आणि वरच्या धरणाच्या काठाला साधी रेषाही नाही, ही विसंगती आहे. महानदीच्या पाणीवाटपासाठी २०१८ मध्ये लवाद नेमला गेला. पण काठ राखण्यासाठी लवाद लागत नाही, राज्य शासनाची एक अधिसूचना पुरते.

तोपर्यंत एक लहान गोष्ट करता येईल. माहितीचा अधिकार कायदा, २००५ चे कलम ४ सांगते की सार्वजनिक प्राधिकरणाने कोणी मागण्याची वाट न पाहता माहिती प्रसिद्ध करावी. पर्यटन मंडळांनी प्रत्येक मुक्कामाच्या आरक्षणपत्रावरच तीन ओळी छापाव्यात: जागेची मालकी व परवानगी, सांडपाण्याची व्यवस्था, आणि स्थानिक रोजगार. याला नवा कायदा लागत नाही, फारसा खर्चही नाही. खाजगी मालकांना मग तीच सवय लावता येईल.

आणि ती येईपर्यंत हे प्रश्न आपण फोनवर विचारावेत. गंगरेलला विचारावेत, बारकुलला विचारावेत, गावी जाणार असाल तर दापोली-मालवणलाही विचारावेत. आपल्याच मुलखात ते विचारायला संकोच वाटतो, परंतु तिथेच ते अधिक मोकळेपणाने विचारता येतात. दहा कुटुंबांनी विचारले की अकराव्यासाठी उत्तर तयार ठेवले जाते, हा कार्यालयीन अनुभव आहे. आरक्षणाचे पैसे भरण्यापूर्वीचा तो एक फोन, एवढीच आपल्या हातातली सत्ता आहे. ती वापरावी.