हुकूम कोणाचा, कोणत्या कलमान्वये?

जयपूरच्या आदर्श नगरात आमच्या शेजारी राहणारी एक मुलगी गेली काही वर्षे लघुचित्रांची विद्या शिकत आहे. खलात घोटलेल्या हिंगुळात गोंदाचे पाणी थेंबाथेंबाने मिसळून, अत्यंत बारीक कुंचल्याने वसलीच्या जाड, थरांच्या कागदावर ती स्नान करणाऱ्या नायिकेची पाठ रेखीत असता मी कैक वेळा तिच्यामागे उभा राहिलो आहे. दोन महिने खपून पुरे केलेले ते चित्र तिने कलावंतांच्या एका ऑनलाइन मंडळात ठेवले आणि दुसऱ्या दिवशी ते तेथून नाहीसे झाले. मागे उरली ती नियमभंग झाल्याची एक ओळ. नियम कोणता, भंग ठरविला तो माणसाने की यंत्राने, आणि दाद मागायची कोणापाशी, यांपैकी कशाचाही खुलासा तीत नव्हता.

मंडळाला नियमच असू नयेत, असे माझे म्हणणे नाही. दुसऱ्याची चित्रे आपल्या नावावर खपविणाऱ्यांना आणि नवशिक्यांची निर्भर्त्सना करणाऱ्यांना जेथे आवर घातला जात नाही, तेथून भली माणसे प्रथम उठून जातात. माझी तक्रार अधिकाराविषयी नाही, त्याच्या मौनाविषयी आहे.

नोव्हेंबर २०१५ मध्ये याच शहरात, जवाहर कला केंद्रातील जयपूर आर्ट समिटमध्ये, प्लास्टिक खाऊन गाई मरतात या दुःखाकडे लक्ष वेधण्यासाठी सिद्धार्थ करारवाल यांनी केलेली गाईची प्रतिकृती फुग्याला बांधून अधांतरी टांगलेली होती. भावना दुखावल्याची ओरड होताच पोलिसांनी ती खाली उतरविली आणि दोन कलावंतांना ठाण्यावर नेले. गाईच्या कळवळ्याने घडविलेली कृती गाईच्याच नावाने उतरावी लागली, कारण तिचा अर्थ विचारण्याइतकी उसंत कोणी घेतली नाही.

उलट १९५४ साली मुंबईच्या जहांगीर कलादालनात अकबर पदमसी यांच्या ‘लव्हर्स’ या चित्रांवर अश्लीलतेचा आरोप आला, तेव्हा सरकारला कलम सांगावे लागले, चित्रकाराला आपली कैफियत मांडता आली आणि तो निर्दोष सुटला. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये, याच पदमसींची व गोव्यातील साळगावचे चित्रकार सूझा यांची मिळून सात चित्रे कस्टम खात्याने अश्लील म्हणून जप्त केली असता, मुंबई उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. प्रत्येक नग्नता अश्लील नसते, हे न्यायालयाला सांगता आले, कारण तपासून पाहण्याजोगा एक लेखी हुकूम त्याच्यापुढे होता. कारणच न लिहिलेल्या निर्णयाची चूक दाखवायची तरी कशी?

माहिती तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या नियमांनी, ५० लाखांहून अधिक नोंदलेले वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमांवर, मजकूर आपण होऊन हटविताना कारण कळविण्याचे व हरकतीस वाव देण्याचे बंधन घातले आहे. तक्रार २४ तासांत नोंदवून ठरलेल्या मुदतीत (२०२६ च्या आरंभापर्यंत १५ दिवसांत) निकाली काढावी, असेही त्यांत आहे. लहान मंडळांना कारणे कळविण्याचे हे बंधन जसेच्या तसे लागू नसेल, परंतु आपखुशीने ते पाळण्यास त्यांना कोणाची मनाई आहे? हटविलेल्या चित्राखाली कलम लिहावे, हटविणाऱ्याने स्वतःच अपील ऐकू नये आणि झालेल्या निर्णयांचे दप्तर सर्व सभासदांना पाहावयास खुले ठेवावे, एवढे जरी झाले तरी, पुढचे चित्र काढताना कोणत्या रेषेला भ्यावे आणि कोणत्या रेषेला भिऊ नये, हे शिकणाऱ्या मुलांना कळेल.

शेजारच्या मुलीने अर्ज केला, त्याला आज एकविसावा दिवस आहे. उत्तर आलेले नाही. काल संध्याकाळी गेलो तेव्हा तिने नवी वसली पाटावर ताणली होती, आणि नायिकेच्या पाठीवर ओढणी घालावी की नाही, असे तिने मला विचारले.