पन्नाशीच्या मोटारीला दोन कुलपे

२०२५ च्या आरंभी विदेश व्यापार महासंचालनालयाने जुन्या मोटारींच्या आयातीचा नियम बदलला. तोपर्यंत १ जानेवारी १९५० पूर्वी तयार झालेली मोटार तेवढी परवान्यावाचून देशात आणता येत असे. आता पन्नास वर्षे पूर्ण झालेली कोणतीही मोटार आणता येते, आणि ही मर्यादा दरवर्षी एकेक वर्षाने पुढे सरकत राहणार आहे. चार हौशी धनिकांची सोय झाली, यापलीकडे या निर्णयाचा विचार फारसा कोणी केला नाही. तो करायला हवा, कारण तारखांचा साधा हिशेब मांडला की एक गोष्ट ध्यानात येते. १९६४ ते १९७४ या दहा वर्षांतल्या ज्या दांडग्या गाड्यांना अमेरिकन लोक ‘मसल कार’ म्हणतात, त्यांचे अवघे युग या एका बदलाने आपल्या सीमेच्या आत येऊ शकते.

या गाडीचा जन्मच मुळी एका पळवाटेतून झाला. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांपेक्षा मोठे इंजिन बसवायचे नाही, असा जनरल मोटर्सचा अंतर्गत दंडक होता. १९६४ सालच्या गाड्या बाजारात आणताना त्याच कंपनीच्या पॉन्टियॅक विभागातील जॉन डीलोरियन आदी अभियंत्यांनी ‘टेम्पेस्ट ल मान्स’ या मध्यम गाडीत ३८९ घन इंचांचे इंजिन बसविले. ते स्वतंत्र गाडी म्हणून नव्हे, तर गिऱ्हाइकाने मागितल्यास सुमारे तीनशे डॉलर जादा घेऊन द्यायची सोय म्हणून! हीच ‘जीटीओ’. पहिल्याच वर्षी अशा ३२,४५० गाड्या खपल्या आणि शेवरोले, प्लिमथ, डॉज, फोर्ड सारेच या शर्यतीत उतरले. तो बहर अल्पायुषी ठरला. विमा कंपन्यांनी तरुण चालकांचे हप्ते वाढविले, १९७० चा स्वच्छ हवा कायदा आला, १९७१ पासून जनरल मोटर्सने इंजिनांचा दाब उतरविला आणि ऑक्टोबर १९७३ च्या अरब तेलबंदीने उरलीसुरली धग विझविली. मूळ परंपरेतील शेवटची जीटीओ १९७४ ची.

या गाड्या भारतात जवळजवळ आल्याच नाहीत. एके काळी मुंबईचे आणि अमेरिकन मोटारींचे नाते जवळचे होते. जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना १९२८ पासून शिवडीला होता. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, डिसोटो, प्लिमथ बाहेर पडत. १९५४ मध्ये जनरल मोटर्सने येथील काम गुंडाळले आणि पुढे परकीय चलनाच्या टंचाईत आयातीचे दार जवळपास बंदच झाले. वकिलातींनी वापरून झालेल्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात. त्यांतली एखादी इम्पाला एखाद्या नटाच्या दारी उभी राहिली की गल्लीतली पोरे ती पाहायला जमत. ते दार बंद होते नेमके त्याच दशकात या गाड्या तिकडे जन्मल्या आणि संपल्याही. तेव्हा, आज कोणाला ती उणीव भरून काढावीशी वाटली, तर त्याला केवळ श्रीमंतीचा माज म्हणून हिणवणे योग्य होणार नाही. प्रश्न त्या हौसेचा नाही. ती पुरी करण्यासाठी सरकारने जी वाट आखली आहे, तिचा आहे.

वाटेची सुरुवात कागदांपासून होते. अमेरिकेतून वापरलेली मोटार बाहेर न्यायची तर तिचे मूळ मालकीपत्र निर्यातीपूर्वी किमान ७२ तास तेथील सीमाशुल्क अधिकाऱ्यांपुढे सादर करावे लागते. चोरीच्या गाड्या बाहेर जाऊ नयेत, म्हणून ही दक्षता. पण मालकीपत्राचा कायदा प्रत्येक राज्याचा निराळा. न्यूयॉर्क राज्यात १९७२ किंवा त्याआधीच्या मोटारींना मालकीपत्र दिलेच जात नाही. तेथे हस्तांतरणीय नोंदणीवर व्यवहार चालतो. अपघातात निकामी ठरलेली गाडी एका राज्यात तसा शिक्का घेऊन बसते, आणि दुसऱ्या राज्यात नोंदविताना तो शिक्का गळून पडल्याची उदाहरणे आहेत. शिवाय आपला नियम वय मोजतो ते पहिल्या विक्रीनंतरच्या पहिल्या नोंदणीपासून. आणि चार राज्यांत सहा मालक पाहिलेल्या गाडीच्या ताज्या अमेरिकन मालकीपत्रावर बहुधा मॉडेलचे वर्ष असते, पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या पहिल्या नोंदणीची तारीख नसते.

याहून बिकट गोष्ट आहे ती अस्सलपणाची. साधी मोटार आणि मसल कार यांचा सांगाडा एकच. फरक इंजिनाचा, गिअरचा, काही बिल्ल्यांचा. साहजिकच साध्या गाडीवर बिल्ले चढवून ती ‘अस्सल’ म्हणून विकण्याचा उद्योग तिकडे बहरला आहे. १९६४ आणि १९६५ ची जीटीओ गाडीवर कोरलेल्या क्रमांकावरून ओळखता येत नाही. १९६९ नंतरच्या शेवरोले शेव्हेल एसएसचेही तसेच. त्यासाठी कारखान्याच्या दप्तरातील नोंद किंवा गाडीच्या आसनाखाली दडून राहिलेला कारखान्याचा कागद हाती यावा लागतो. १९७० व १९७१ च्या प्लिमथ आणि डॉजबाबत काम थोडे सोपे आहे: क्रमांकातील पाचवे अक्षर ‘आर’ असेल तर गाडी ४२६ घन इंचांच्या ‘हेमी’ इंजिनासह बाहेर पडली, असे समजावे. त्या एका अक्षराचे मोल काय असते? १९७१ ची हेमी इंजिनाची उघड्या टपाची बाराकुडा अवघी अकरा तयार झाली. त्यांतली एक २०१४ मध्ये लिलावात ३५ लाख डॉलरना गेली. जिथे एका अक्षराला एवढी किंमत, तिथे अक्षरे खोडून नवी ठोकणारे हातही असणारच. जनरल मोटर्सच्या इंजिनांवर १९६८ पासून गाडीच्या क्रमांकाचा काही भाग ठोकलेला असतो. तो घासून, दुसरा ठोकून ‘जुळवलेली’ इंजिने बाजारात आहेत.

समुद्रप्रवासाची बाब त्यामानाने सरळ आहे. गाडी कंटेनरमध्ये बांधून पाठवावी, की थेट जहाजाच्या पोटात चालवत न्यावी, टाकीत नाममात्र पेट्रोल ठेवून बॅटरीच्या तारा सोडाव्यात, विमा संपूर्ण नुकसानीपुरता काढावा की प्रत्येक ओरखड्याचा, हे अनुभवी दलाल सांगतात. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर अनेक कंपन्यांनी आफ्रिकेला वळसा घातला. तेव्हा दिवस आणि भाडे दोन्ही वाढले. असो.

गाडी न्हावाशेवा बंदरात उतरली की पहिले कुलूप येते ते सीमाशुल्काचे. आपल्या आयात-धोरणात ही मोटार वाहनांच्याच प्रकरणात मोडते आणि जुन्या मोटारींवरचे शुल्क किमतीच्या सव्वापटीहून अधिक आहे. त्या बेरजेवर मोठ्या मोटारींचा वस्तू व सेवा कर, सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. म्हणजे विमा आणि जहाजभाड्यासह चाळीस लाखांत बंदरावर आलेली गाडी बंदराबाहेर पडेपर्यंत सव्वा कोटींच्या घरात जाते. युरोपने हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडविला आहे. तीस वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि आता उत्पादनात नसलेली मोटार तेथे वाहन म्हणून नव्हे, तर संग्राह्य वस्तू म्हणून मोजली जाते. तिच्यावर सीमाशुल्क नाही. जर्मनीत आयात-विक्रीकर १९ ऐवजी ७ टक्के, ब्रिटनमध्ये २० ऐवजी ५. मात्र ही सवलत वयाला नाही, मूळ स्वरूपाला आहे. बदललेल्या गाडीला ती मिळत नाही. आपल्याकडे बंदरावर पाहिले जाते ते वय, आणि वसूल केला जातो तो चैनीच्या वस्तूचा कर. चैनीवर जबर कर बसवू नये, असे आमचे म्हणणे नाही. पण केवळ चैन म्हणूनच कर घ्यायचा असेल, तर पन्नास वर्षांची अट घालून ‘वारशाचे जतन’ असा आव तरी कशाला आणायचा?

खरी गोम दुसऱ्या कुलपात आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये पुरातन मोटारींसाठी स्वतंत्र प्रकरण आले. ‘व्हीए’ अक्षरांची पाटी, वीस हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची नोंदणी, आणि गाडी केवळ प्रदर्शन, संचलन, तांत्रिक संशोधन, इंधन वा दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणण्याची मुभा. या नियमांनुसार गाडी मूळ स्वरूपात हवी. सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत फेरफार झालेला नसावा. आणि हे ठरवायचे ते राज्याच्या समितीने पाहणी करून. नियम म्हणून यात खोट काढण्याजोगे काही नाही. पण मसल कार ही मुळात बेफाम चालविण्यासाठी घेतलेली गाडी. शनिवारच्या रात्री पाव मैलांच्या शर्यतीत असंख्य गाड्यांची इंजिने फुटली आणि त्यांच्या जागी दुसरी बसविली गेली. बदललेले इंजिन हा ‘फेरफार’ की दुरुस्ती? त्याच जातीचे, त्याच वर्षाचे इंजिन असेल तर? या प्रश्नांची उत्तरे गाडी बंदराबाहेर पडल्यावर आणि सारा कर भरल्यावर मिळणार. सीमाशुल्क खात्याने वय पाहून पैसे घेतले, परिवहन खात्याच्या समितीने इंजिन पाहून नोंदणी नाकारली, अशी अवस्था झाली तर मालकाच्या हाती गॅरेजमध्ये उभे करायचे एक शिल्प उरते. आणि समितीपुढे बसणाऱ्या सदस्यांना शिवडीची शेवरोले कदाचित परिचयाची असेल. पण पॉन्टियॅकच्या इंजिनावरचे ठसे वाचणारा त्यांच्यात कोण आहे?

आणखी एक मुद्दा आहे आणि तो मालकाच्या खिशाचा नाही. या काळातील गाड्यांच्या ब्रेकच्या अस्तरात, क्लचमध्ये, गॅस्केटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस वापरले जाई. ऑस्ट्रेलियात ३१ डिसेंबर २००३ पासून अ‍ॅस्बेस्टॉसवर संपूर्ण बंदी आहे आणि तेथील सीमादल जुन्या मोटारींनाही ती लावते. त्यामुळे तेथील खरेदीदार जहाज सुटण्यापूर्वीच अमेरिकेत ही अस्तरे काढून घेतो, तपासणीचा दाखला जोडतो. न जोडल्यास गाडी बंदरात अडकते. आपल्याकडे अ‍ॅस्बेस्टॉसवर अशी सरसकट बंदी नाही, आयातीच्या वेळी याबद्दल कोणी विचारत नाही. मग ब्रेकचा ड्रम उघडून आतली भुकटी हवेच्या झोताने उडविणार तो गॅरेजमधला पोरगा, तोंडाला रुमालही न बांधता. सव्वा कोटींच्या व्यवहारात त्याच्या फुप्फुसांची किंमत कोणत्याच रकान्यात धरलेली नाही. त्यापुढे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने साठच्या दशकातील रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटर खराब होतील, किंवा डाव्या बाजूला बसून चालविताना मुंबई-गोवा रस्त्यावर पुढचा ट्रक ओलांडायला शेजारच्याला विचारावे लागेल, या तक्रारी किरकोळ म्हणाव्या लागतील.

उपाय अवघड नाही, फक्त दोन खात्यांनी एका मेजाशी बसायला हवे. आयातदाराने गाडी जहाजावर चढविण्यापूर्वी तिचे क्रमांक, इंजिनावरचे ठसे, कारखान्याची नोंद आणि छायाचित्रे समितीकडे पाठवावीत. समितीने ठराविक मुदतीत तात्पुरता अभिप्राय द्यावा. आणि गाडी वर्णनाप्रमाणे निघाली तर तो अभिप्राय नोंदणीच्या वेळी बंधनकारक असावा. मूळ स्वरूप सिद्ध झालेल्या गाडीला संग्राह्य वस्तूचा कर, बाकीच्यांना आजचाच. अ‍ॅस्बेस्टॉसची अस्तरे बदलल्याचा दाखला मात्र दोघांनाही सक्तीचा. यासाठी नवा कायदा लागत नाही, २०२१ आणि २०२५ च्या दोन नियमांना जोडणारे एक परिपत्रक पुरेल. पन्नास वर्षांची मर्यादा सरकत असल्याने दरवर्षी आणखी एका वर्षाच्या गाड्या पात्र होत जाणार आहेत. एखादी गाडी न्हावाशेव्याला अडकून तिच्यावर दिवसागणिक बंदराचे भाडे चढू लागण्याआधी ते परिपत्रक निघाले तर बरे.