आमच्या जिल्ह्याचा आकडा छापा

मेटा कंपनीच्या भारतातील व्यवस्थापनास,



रायगडच्या किनाऱ्यावर तुमचं व्हॉट्सॲप आता गावाची चावडी झालं आहे. होडी कधी लागणार, लिलावात पापलेटला काय भाव मिळाला, विरार-अलिबाग महामार्गाच्या मोजणीला कोण आलंय, सगळं ग्रुपवर कळतं. जमिनीचं भांडण इथे जुनं आहे. १९३३ पासून चरीच्या शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध वर्षानुवर्षं संप चालवला. सप्टेंबर २००८ मध्ये पेण तालुक्यातल्या २२ गावांनी सेझला जमीन द्यायची की नाही, यावर मतदान केलं. असं आंदोलन पुन्हा उभं राहिलं, तर त्यातल्या माणसांची यादी आधी तुमच्याकडे असेल. म्हणून हे पत्र.

मेसेज कुलूपबंद असतात, असं तुम्ही सांगता. ते खरंच आहे. पण कोण कुठल्या ग्रुपमध्ये आहे, कोणाकडे कोणाचे नंबर आहेत, आयपी पत्ता कोणता, हे कायदेशीर मागणी आली तर देता येतं, असंही तुमचेच नियम सांगतात. आंदोलन मोडायला मजकूर लागतोच असं नाही, नावं पुरतात.

पोलिसांनी काही मागूच नये, असं माझं म्हणणं नाही. ऑनलाइन भामट्याने कुणाची आयुष्यभराची पुंजी लुटली, तर त्याचं खातं लगेच उघडं पडावं. पण माहिती चुकली तर काय होतं, हेही महाराष्ट्राने पाहिलंय. २००७ साली ऑर्कुटवर शिवाजी महाराजांची बदनामी करणारा मजकूर आला. पुणे पोलिसांच्या मागणीवरून गूगलने आयपी पत्ता दिला, त्यावरून इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने ग्राहकाचं नाव काढून दिलं. नाव भलत्याचंच निघालं. बंगळूरच्या एका संगणक अभियंत्याला त्यापायी ५० दिवस तुरुंगात काढावे लागले.

सरकारकडून येणाऱ्या अशा मागण्यांवरच्या तुमच्या पहिल्या, म्हणजे फेसबुकच्या, अहवालात २०१३ च्या पूर्वार्धाचा हिशेब होता: भारतातून ३,२४५ मागण्या, ४,१४४ खाती, आणि निम्म्या मागण्यांना काही ना काही माहिती दिलेली. अहवाल आजही निघतात, पण त्यांत भारताचा एकच आकडा असतो. मागणी दिल्लीहून आली की अलिबागहून, ते कळत नाही.

म्हणून तीन गोष्टी मागतो.

एक, मागण्यांचा आकडा राज्यवार, जिल्हावार आणि मागणी करणाऱ्या सरकारी विभागानुसार द्या.

दोन, मागणी कोणत्या कलमाखाली आली ते सांगा: नागरिक सुरक्षा संहितेचं ९४, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६९, की आणखी कुठलं? किती मागण्या परत पाठवल्या आणि कशासाठी, हेही छापा. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी माहिती द्यायला ७२ तासांची मुदत घातली आहे. तेवढ्या वेळात कागद कोण तपासतं?

तीन, कायद्याची आडकाठी किंवा अपवादात्मक परिस्थिती नसेल तर माहिती देण्यापूर्वी वापरकर्त्याला कळवतो, असं तुमचं धोरण सांगतं. आजवर किती भारतीयांना कळवलंत? आडकाठी होती तिथे ती उठल्यावर तरी कळवलंत का?

मेसेज मुळात कोणी पाठवला हे शोधून देण्याच्या नियमाविरुद्ध तुम्ही २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेलात, तेव्हा आमच्या खासगीपणाची बाजू मांडलीत. त्याच बाजूने हा हिशेबही मांडा. देशाचा आकडा छापता येतो, तर रायगडचा का नाही, याचं उत्तर द्या.

आपला,
रायगडच्या किनाऱ्यावरचा एक वापरकर्ता