थट्टेचे शब्द आणि बोधाचे शब्द



थट्टा करण्यासाठीं आणि दोष दाखविण्यासाठीं इंग्रजींत शब्दांची वाण नाहीं; मराठींतहि नाहीं. परंतु परीक्षेकरितां पाठांतर करतांना 'रिडिक्यूल' म्हणजे थट्टा आणि 'रिप्रूफ' म्हणजे रागें भरणें, एवढ्यावरच आपण थांबतों. या शब्दांची कुळी पाहिली, तर त्यांत दोन निराळीं घराणीं आहेत असें ध्यानांत येईल.

पहिलें घराणें हंसण्याचें. 'रिडिक्यूल', 'डिराइड' व 'डिरिझन' हे तीनहि शब्द हंसणें या अर्थाच्या एकाच लॅटिन धातूपासून निघाले आहेत. क्रियापद 'डिराइड', पण नाम 'डिरिझन'. जसें 'डिसाइड' आणि 'डिसिझन'. 'सार्कॅझम' हा शब्द मूळचा ग्रीक असून त्याच्या मुळाशीं मांस फाडणें हा अर्थ आहे. बोचऱ्या बोलण्यास आपणहि लचके तोडणें म्हणतों, तें याच अनुभवानें.

दुसरें घराणें सुधारणेचें. 'रिप्रूव्ह' हें क्रियापद आणि 'रिप्रूफ' हें नाम, 'बिलीव्ह' व 'बिलीफ' यांच्या चालीवर. चूक दाखवून माणसास वळणावर आणणें हा त्यांचा हेतु. 'सेन्शर' म्हणजे उघड दोष देणें. त्याचें नातें प्राचीन रोममधील 'सेन्सर' या अधिकाऱ्याशीं आहे. तो खानेसुमारी करी आणि नागरिकांच्या वर्तनावरहि नजर ठेवी. या दोन शब्दांतील 'श' आणि 'स' यांची गफलत करूं नये. 'रिप्रोच' मात्र दोन्ही घराण्यांच्या सीमेवर उभा आहे. आईच्या नजरेंत तो असतो तेव्हां राग थोडा, दुःख अधिक. शत्रूच्या तोंडीं तोच कलंक होतो.

हा भेद मला कोशानें शिकविला नाहीं. एका विद्यार्थ्यानें शिकविला. कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांत एक मुलगा मोठ्यानें वाचीत होता. टोमणा या अर्थाचा, जी, आय, बी, ई अशा चार अक्षरांचा शब्द आला. त्याचा उच्चार 'जाइब'. मुलानें 'गिब' म्हटलें. 'गिव्ह' हा शब्द तो रोज वाचीत असे. त्याच चालीवर तो गेला. त्याच्या चुकींत तर्क होता. पण वर्ग हंसला, आणि लाज वाटते, मीहि हंसलों. त्या शब्दाचा अर्थ त्यास निराळा सांगावा लागला नाहीं. वर्ष संपेपर्यंत त्यानें पुन्हां आपण होऊन वाचलें नाहीं.

कोणी म्हणतील, हंसें झालें म्हणजे धडा पक्का लक्षांत राहतो. लक्षांत राहतें तें हंसें, धडा नव्हे. शिवाय इंग्रजी लेखन आणि उच्चार यांचा मेळ खुद्द इंग्रजांसहि सहज बसला नाहीं. जॉन वॉकर यांनीं १७९१ सालीं लंडनमध्यें उच्चारकोश प्रसिद्ध केला, तो मुख्यतः इंग्रजी बोलणाऱ्या लोकांसाठींच. तेच लोक येथें येऊन पुण्यास 'पूना' म्हणत. त्यापायीं आपण त्यांस मूर्ख ठरविलें नाहीं. मग आपल्याच बाकावरच्या सोबत्यास तेवढी सवलत कां नसावी?

चूक दाखवूं नये, असें माझें म्हणणें नाहीं. न दाखविणारा शिक्षक कर्तव्यास चुकतो. पण कसोटी सोपी आहे: ज्याचा शेवट योग्य उच्चार त्या मुलाच्या ओठांवर येण्यांत होतो, तो 'रिप्रूफ', ज्याचा शेवट वर्गाच्या हंशांत होतो, तो 'रिडिक्यूल'.

पालकांसहि एक विनंती. पाहुण्यांपुढें मुलास इंग्रजी बोलावयास लावून मग त्याच्या चुकीची गंमत सांगूं नये. आणि मुलांनो, ज्या वडिलांस इंग्रजी शिकावयास मिळालें नाहीं, पण ज्यांनीं तुमची फी भरली, त्यांच्या उच्चारास हंसण्यापूर्वीं क्षणभर थांबा. इतके शब्द अचूक उच्चारावयास शिकून ते कोठें वापरूं नयेत हेंच कळलें नाहीं, तर आमचें शिकविणें अपुरें राहिलें असेंच म्हणावें लागेल.